बाबाची मेटॉनिमी

बोंबील सुकायला टांगले की मला सिनेकडकी आठवते. स्टाफरूममध्ये एकदा हे सहज बोलून गेले, तर सगळ्यांनी डबे बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं. त्यांचा दोष नाही. बोरिवलीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारी बाई असं काही बोलली की लोक बघणारच. पण परीक्षा जवळ आल्या, उन्हं तापायला लागली आणि रविवारी मार्व्याहून मनोरीची फेरीबोट पकडली की पलीकडच्या धक्क्याला लागायच्या आधीच तो वास नाकात शिरतो. त्याच्या मागोमाग लायटोटीज, हायपरबली, ऑक्सिमोरॉन अशी इंग्रजी अलंकारांची सगळी पलटण हजर. वासाची आणि शब्दांची अशी गाठ कशी काय बसते, मला अजून कळलेलं नाही. कुणाला कळलं असेल तर सांगा बाबा.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, इंग्रजी घेऊन. घर मनोरीला, कोळीवाड्यात. कॉलेज मालाडला. आमच्या एका पेपरात इंग्रजी अलंकारांची आणि साहित्यातल्या संज्ञांची भली मोठी यादी होती, आणि प्रत्येकीची व्याख्या, प्रकार, उदाहरण असं सगळं पाठ करायचं होतं. त्याच दिवसांत वाड्याच्या मागच्या मोकळ्या जागेत बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगलेले असायचे, आणि कावळे-घारी हाकायला कुणीतरी तिथं उभं लागायचं. घरात रिकामी मीच. म्हणजे आईच्या हिशोबानं रिकामी. पुस्तक घेऊन बसलेलं माणूस आईच्या हिशोबात रिकामंच धरलं जायचं. तर एका हातात काठी, दुसऱ्या हातात झेरॉक्सची पानं, आणि बोंबलांच्या दोन रांगांमधून मी मोठमोठ्यानं व्याख्या म्हणत फिरायची. त्या पानांना शेवटपर्यंत वास होता. बसमध्ये मी ती बाहेर काढली की शेजारची बाई पदर नाकाला लावायची.

सुरुवातीला त्या शब्दांची नुसती भीती वाटत होती. मग एक मजा झाली. रेटॉरिकल क्वेश्चन, म्हणजे उत्तर नको असलेला प्रश्न, याचं उदाहरण मी आठवत होते आणि तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, घर म्हणजे काय धरमशाला हाय का? मी तिथंच थांबले. आई तर दिवसभर याच अलंकारात बोलते! मला काय चार हात हायत का, तुझ्या बापानं ठेवलाय का नोकर, मी मेल्यावर शिकनार का सयपाक. त्या दिवसापासून मला नादच लागला. बाजारात माझी मावशी गिऱ्हाइकाला सांगायची की हे पापलेट आत्ता माझ्याशी बोलत होतं, ती हायपरबली. जेवण अगदी फर्मास झालं तरी बाबा ताटावरून उठताना फक्त ‘वाईट नाय’ म्हणायचा, ती लायटोटीज. उशिरा आलेल्या खलाशाला ‘या राजे’ म्हटलं, ती आयरनी. यादीतली एकेक संज्ञा घ्यायची आणि कोळीवाड्यात तिचं घर शोधायचं, हा माझा धंदा झाला. नावं परदेशी, माणसं सगळी ओळखीची. मला त्या दिवसांत फार आनंद होत होता, आणि हे मुद्दाम सांगते, कारण घरात आनंद व्हावा असं तेव्हा काहीच नव्हतं.

बाबाला माघात अर्धांगाचा झटका आला होता. बाबा म्हणजे आमच्या होडीचा मालक आणि ती चालवणारा तांडेल, दोन्ही तोच. वाड्यात त्याचा आवाज सगळ्यात मोठा. खाडीच्या तोंडावरून हाक मारली तर आई घरात चहाचं पाणी चढवायची. कांदिवलीच्या हॉस्पिटलातून त्याला घरी आणला तेव्हा उजवा हात आणि पाय लुळा होता, आणि तोंडातून शब्द येत होते ते भलतेच. डॉक्टर एवढंच म्हणाले की बोलणं हळूहळू येईल, बोलत राहा त्यांच्याशी. बोलत कसं राहायचं? पडवीतल्या खाटेवर बसून बाबा पंख्याकडे डावा हात करायचा आणि म्हणायचा, ‘शीड’. आम्ही पंखा सोडून सगळं करायचो. आंघोळीच्या वेळी ओरडायचा, ‘धक्का, धक्का’. आईला तो ‘टोपली’ म्हणायला लागला. मला ‘बस’. माझ्या मामाला, म्हणजे आईच्या धाकट्या भावाला, ‘तंबाखू’.

आई पहिले काही दिवस हसली. मग हसायची थांबली. एवढी वर्षं संसार केला आणि शेवटी मला टोपली बोलतो, असं ती शेजारणीजवळ बोलली आणि रडली. आमच्या वाड्यात एक बरं असतं, कुणी आजारी पडलं की सगळा वाडा येऊन बसतो, आणि एक वाईटही असतं, तो सगळा वाडा मत देतो. मत ठरलं. डोक्यावर परिणाम झाला, आता तो समजण्यातला राहिला नाही. मामाचं म्हणणं तेच. हळूहळू आईचंही तेच झालं. ती त्याचं सगळं करायची, भरवायची, पुसायची, कूस बदलायची, पण त्याला काही विचारायची नाही. आधी होडीची दोरी बदलायची झाली तरी दोघं पडवीत बसून तासभर वाद घालायची. आता त्याच्या डोक्यावरून बोलणं चालायचं, तो खाटेवर असून नसल्यागत. मला तेच बघवत नव्हतं. त्याचं अंग बरं होईल की नाही हे देवाच्या हातात होतं. पण तो आत आहे की नाही, आणि असला तर त्याला कुणी विचारणार आहे की नाही, हे आमच्या हातात होतं.

मला मनातून वाटत होतं की तो आहे. पुरावा नव्हता. मग मी माझी यादी काढली. पहिल्यांदा लागले मेटाफरच्या मागे, म्हणजे रूपकाच्या. रूपकात एक वस्तू दुसरीसारखी असते म्हणून तिचं नाव घेते. पंखा शिडासारखा दिसतो का? नाही. आई टोपलीसारखी? थोडी आहे, पण हे तिला सांगायची माझी हिंमत नव्हती. आणि मामा तंबाखूसारखा कसा? आठवडाभर मी साम्य शोधत होते आणि दर वेळी वाट लागत होती.

उत्तर मिळालं ते फेरीबोटीत. दुपारची वेळ, भरती, बोट खचाखच. आमच्या फेरीबोटीत माणसांबरोबर मोटरसायकली, सिलिंडर, भाजीच्या गोण्या, कोंबड्या, सगळंच चढतं. मग बोटीचा तोल राखायला तिकीटवाला ओरडत असतो. नावं त्याला माहीत नसतात, असली तरी तेवढा वेळ नसतो. त्या दिवशी तो ओरडत होता, ए मोटरसायकल, पुढं घे. सिलिंडर, तू मधी बस. ए टोपली, डाव्या बाजूला सरक. आणि एक म्हातारी कोळीण आपली टोपली मांडीवर घेऊन निमूट डावीकडे सरकली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या मांडीवर झेरॉक्सचं पान उघडं होतं आणि त्यावर मेटॉनिमीची व्याख्या होती. वस्तूचं नाव न घेता तिच्या शेजारी जे असतं, तिच्याशी जे जोडलेलं असतं, त्याचं नाव घ्यायचं. सारखेपणा नको, शेजार हवा.

अरे देवा. शीड आणि पंखा सारखे नाहीत, पण दोघांच्या मध्ये वारा आहे. धक्क्यावर उतरलं की बाबा पहिल्यांदा नळावर अंग धुवायचा, म्हणून आंघोळ म्हणजे धक्का. मामा आला की तंबाखूची पुडी निघायची. मी सकाळी जायची ती बससाठी धावत. आणि आई पहाटे डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला निघायची, जन्मभर. बाबाला हवा तो शब्द सापडत नव्हता, तर तो हात लांब करून त्याच्या बाजूचा शब्द उचलून आणत होता. मी त्या बोटीत रडले की हसले आठवत नाही. तिकीटवाल्यानं मात्र मला ‘ए पुस्तक, उतर आता’ म्हटलेलं पक्कं आठवतं.

परवा वर्गात एका मुलीनं विचारलं, मॅडम, हे सगळं पाठ करून फायदा काय? फोनवर दोन सेकंदांत मिळतं. प्रश्न आगाऊपणाचा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काहीतरी गोलमाल उत्तर दिलं, आकलन वाढतं वगैरे. घरी येताना माझ्या मनात आलं की नाव कळल्यानं नेमकं काय होतं? वस्तू तर बदलत नाही. बाबा आधीही तेच बोलत होता, नंतरही तेच. पण नाव कळेपर्यंत ती बडबड होती आणि नाव कळल्यावर ते बोलणं झालं. बदललं ते माझं ऐकणं. हे त्या मुलीला सांगायला हवं होतं. पुढच्या तासाला सांगीन.

शोध लागला म्हणजे काम झालं, असं मला वाटलं होतं. काम तर पुढंच होतं, आईला पटवायचं. मी तिला बसवून सगळं समजावलं. तिनं ऐकलं, लसूण सोलता सोलता. मग म्हणाली, तुझी परीक्षा हाय ना, म्हनून तुला सगलीकडं तेच दिसतं.

आणि मध्येच नारळाचं प्रकरण आलं. होडी माघापासून खाडीच्या काठावर नुसती उभी होती. खलाशी दुसऱ्या होड्यांवर गेले, त्यांनाही पोटं आहेत. लाकडाची होडी चालली नाही की तिचं लाकूड वाळतं, फटी पडतात. मामानं सुचवलं की आता विकून टाकलेली बरी. त्याचं चूक नव्हतं, आईला सावरायलाच तो येत होता. पण होडीचा विषय निघाला की बाबा खाटेवरून ‘नारळ, नारळ’ म्हणायला लागायचा. आईला वाटलं याला नारळ खायचाय. झालं, आमच्याकडे आठवडाभर नारळाशिवाय काही शिजलं नाही. कालवणात नारळ, भाजीत नारळ, नुसत्या खोबऱ्याच्या कातळ्या वाटीत. बाबा वाटी ढकलून द्यायचा आणि पुन्हा नारळ. आई कपाळावर हात मारून घ्यायची.

मी त्याच्याजवळ बसले आणि विचारलं, नारळ म्हणजे नारळी पुनव? त्यानं डावा हात खाटेवर आपटला. मी पुढे विचारलं, पुनवेपर्यंत थांबायचं? पुनवेला दर्याला नारळ दिला की होडी पाण्यात घालायची, विकायची नाय, असं म्हणतोस? तो रडायला लागला. मोठ्यानं, तोंड वाकडं करून, लहान मुलागत. मी आईला हाक मारली. आई दारात आली, तिनं त्याचं नाक पुसलं आणि मला सांगितलं की हल्ली तो कशानंही रडतो, काल मांजर बघून रडला. तेही खरंच होतं. आणि मी विचारलेल्या प्रश्नांत उत्तर माझंच होतं, हेही खरं होतं.

त्यातच मी स्वतःचं हसं करून घेतलं. एका दुपारी जेवताना बाबा ‘मीठ, मीठ’ करायला लागला. मी घास खाली ठेवला. मीठ कशाच्या शेजारी? मिठाचा दर्या. म्हणजे दर्या दाखवा म्हणतोय. नाहीतर मिठागरं, पलीकडची. नाहीतर खारवलेले मासे, म्हणजे गेल्या वर्षीचा माल. मी आईला हे सगळं सांगत होते, आणि बाबा माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. आईनं त्याच्या वाटीतलं कालवण बोटानं चाखलं. मग उठली, मिठाची बरणी आणली आणि चिमूटभर मीठ त्याच्या वाटीत टाकलं. ‘घालायला इसरले,’ ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की बस्स. त्यानंतर मेटॉनिमीचं नाव काढायची सोय राहिली नाही. मामा आला की आई त्याला ती गोष्ट रंगवून सांगायची, आणि दोघं हसायची. बाबाही हसायचा. त्याच्या त्या हसण्याकडे मी बघायची. गोष्ट कळल्याशिवाय माणूस नेमक्या जागी कसं हसेल? पण हेही मी कुणाला बोलले नाही.

परीक्षा झाली. अलंकारांच्या प्रश्नात मेटॉनिमी आलीच. मुकुट म्हणजे राजा, हे पुस्तकी उदाहरण मी लिहिलं. दुसरं उदाहरण लिहायचं होतं. तिथं लिहिलं की माझे वडील आजारी आहेत आणि ते माझ्या आईला टोपली म्हणतात, कारण ती मासे विकते. तपासणाऱ्यानं त्यावर बरोबरची खूण केली की लाल रेघ मारली, मला कधीच कळणार नाही. मला अजून उत्सुकता आहे. आता मी स्वतः पेपर तपासते, तेव्हा असलं काही वेडंवाकडं उदाहरण दिसलं की दोनदा वाचते. बहुतेक वेळा ते चुकीचंच असतं, पण वाचते.

मे महिन्यात एका सकाळी मामा गिऱ्हाइकाला घेऊन आला. पलीकडच्या गावचा माणूस, भला होता, सोबत त्याचा मोठा मुलगा. होडी बघून आले होते, पसंत होती. पडवीत चटई टाकली. बाबाची खाट तिथंच, भिंतीला लागून. बोलणं मामाच करत होता, आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचा होकार झाल्यातच जमा होता. मी आत बसून ऐकत होते, मला काही बोलायची सोयच नव्हती. मी मिठावरून तोंडघशी पडले होते.

त्या माणसानं उठायच्या आधी, रीत म्हणून, खाटेकडे बघून हात जोडले आणि विचारलं की मालकांचं काय म्हणणं आहे. मामानं हात झटकला.

‘त्यांना काय इचारताय. त्यांना आता काय समजतंय?’

हेच वाक्य आई तीन महिने स्वतः बोलत होती. पण परक्या माणसासमोर, दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला काय झालं कोण जाणे. ती चौकट सोडून पुढे आली. पदर डोक्यावर घेतला, खाटेच्या कडेला खाली बसली, जशी पूर्वी वाद घालायला बसायची तशी, आणि त्याच्या तोंडाकडे बघून विचारलं, ‘अवो, काय करायचं? होडी द्यायची?’

बाबाचे ओठ हलायला लागले. शब्द येईना. मामा काहीतरी बोलायला गेला तर आईनं त्याच्याकडे न बघता हात वर केला. मग बाबा म्हणाला, ‘चहा’.

गिऱ्हाईक मान खाली घालून बसलं. मामा हळूच म्हणाला, बघा, म्हटलं नव्हतं? आई उठली आणि माझ्या शेजारून स्वयंपाकघरात गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं सगळं. ती कप घेऊन बाहेर आली, पाहुण्यांना दिला, मामाला दिला, आणि उभ्या उभ्या म्हणाली, ‘चहा घ्या आनि निघा. होडी द्यायची नाय.’

मामाला कळेना. अगं, तो चहा बोलला फक्त, असं काहीतरी तो म्हणाला.

‘आपल्यात मानूस वाटेला लावायचा तर काय देतात?’ आई म्हणाली. ‘चहाच ना? मग. माजा नवरा काय बोलतो ते मला कलतं.’

आता खरं सांगू? मला आजही ठाऊक नाही. बाबा त्यानंतर बरीच वर्षं होता, थोडंफार नीट बोलायलाही लागला, पण त्या दिवशीचं त्याला विचारलं की तो नुसता हसायचा. सकाळची वेळ होती, पाहुणे आले होते, त्याला कदाचित घोटभर चहाच हवा असेल. मी इतकी वर्षं हा अलंकार शिकवते, पण परीक्षकासमोर ते उदाहरण सिद्ध करून दाखवा म्हटलं तर मला जमणार नाही. आईला सिद्ध करायचं नव्हतं.

पाहुणे गेले, मामा त्यांना धक्क्यापर्यंत सोडायला गेला. आईनं बाबाचा चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि त्याला पाजला. तोंड पुसलं. मग तिनं विचारलं, ‘होडीवर कुनाला पाठवायचा?’ आणि बशी खाली ठेवून ती त्याच्या उत्तराची वाट बघत बसली.